चावट कवितेत हसू कोणाचे होते?

मा. संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या गेल्या रविवारच्या साहित्य पुरवणीत सतराव्या-अठराव्या शतकांतील चावट इंग्रजी कवितेवरचा लेख वाचला. मराठी दैनिकाने या विषयाला जागा दिली याचे समाधान आहेच. परंतु ही सारी कविता म्हणजे ‘दरबारातील रिकामटेकड्या उमरावांचा वाह्यातपणा’ असे म्हणून लेखकाने तिची जी बोळवण केली आहे, ती मान्य करता येत नाही. या कवितांत जननेंद्रियांची, संभोगाची आणि मलमूत्राची उघड नावे येतात, हे खरे. मात्र केवळ वाचकाला चाळवावे म्हणून ती क्वचितच येतात. त्यांच्या आडून कोणाची तरी, आणि बहुतेक वेळा पुरुषाचीच, घमेंड उतरवली जात असते. लेखातून नेमके हेच निसटले आहे.

लेखाचा सर्वाधिक रोख ज्याच्यावर आहे तो दरबारी कवी जॉन विल्मट, म्हणजेच अर्ल ऑफ रॉचेस्टर (१६४७–१६८०), माणूस म्हणून सोज्ज्वळ मुळीच नव्हता. एलिझाबेथ मॅलेट या धनाढ्य घराण्यातील मुलीला पळवून नेण्याचा प्रयत्न केल्याबद्दल १६६५ मध्ये त्याची रवानगी टॉवर ऑफ लंडनच्या तुरुंगात झाली होती (पुढे १६६७ मध्ये तिनेच त्याच्याशी लग्न केले, हा भाग निराळा). पण त्याने राजा दुसऱ्या चार्ल्सवर लिहिलेली उपहासात्मक कविता पाहा. राजाचा राजदंड आणि राजाचे लिंग लांबीला सारखेच आहेत, आणि जी एकाशी खेळते तिच्या तंत्राने दुसरा हलतो, असे तीत म्हटले आहे. याला वाह्यातपणा ठरवण्याआधी त्या वेळचे राजकारण ध्यानात घ्यायला हवे. चार्ल्सने १६७० मध्ये डोव्हर येथे फ्रान्सच्या चौदाव्या लुईशी गुप्त तह करून त्याचा पैसा पदरात पाडून घेतला होता, आणि लुईस द केरुआल ही राजाची फ्रेंच रखेल १६७३ मध्ये डचेस ऑफ पोर्ट्समथ होऊन दरबारात वजन राखून होती. राज्य नेमके कोणाच्या शय्येवरून चालते, हा प्रश्न तेव्हा गैरलागू नव्हता. रॉचेस्टरने तो सभ्य भाषेत विचारला नाही, इतकेच. कवितेच्या शेवटाकडे राजाला उत्तेजित करण्यासाठी नेल ग्विन ही नटी हातांनी, बोटांनी, मांड्यांनी किती राबते याचे वर्णन येते आणि कवी तिला ‘बिचारी कष्टाळू नेली’ म्हणतो. तेथे हसू राजाचे होते, नेलीचे नव्हे. राजाने दुसरीच एक कविता वाचायला मागितली असता रॉचेस्टरने चुकून हीच त्याच्या हाती ठेवली आणि त्याला दरबारातून पळ काढावा लागला, असा उल्लेख १६७४ च्या जानेवारीतील एका पत्रात आहे.

त्याची दुसरी कविता, ‘द इम्पर्फेक्ट एन्जॉयमेंट’, तर सरळसरळ स्वतःची फजिती सांगते. ऐन वेळी अवसान गळालेला नायक आपल्या इंद्रियाला शिव्यांची लाखोली वाहतो: गल्लीबोळात दिसेल त्याच्याशी मारामारी उकरून काढणारा, पण राजाने किंवा देशाने हाक दिली की तोंड लपवणारा गुंड, असे तो त्याला म्हणतो. विषय रोमन कवी ओव्हिडपासून चालत आलेला आहे. नवी आहे ती आपल्याच मर्दुमकीची अशी भर चौकात काढलेली धिंड.

आणि याच विषयावर एका स्त्रीनेही लिहिले, याचा लेखात उल्लेखसुद्धा नाही. ॲफ्रा बेन (१६४०–१६८९) ही लेखणीवर पोट भरणाऱ्या पहिल्या इंग्रज स्त्रियांपैकी एक. तिच्या ‘द डिसअपॉइंटमेंट’ या कवितेत लायसँडर नावाचा मेंढपाळ क्लोरिसला एका निर्जन राईत गाठतो, तिचा लटका-खरा विरोध मोडून काढतो आणि ऐन क्षणी थंड पडतो. भानावर आलेल्या क्लोरिसचा हात चाचपडत नको तेथे पडतो. पानांआड साप लागावा तशी ती दचकते आणि पळत सुटते. येथपर्यंत कविता नेहमीच्या वाटेने जाते. पण मागे राहिलेला लायसँडर काय करतो? तो आपल्या जन्माला, नशिबाला, ग्रहताऱ्यांना दोष देतो आणि सर्वांत जास्त दोष क्लोरिसच्या सौंदर्याला देतो, जणू तिच्या मोहिनीनेच त्याला नपुंसकतेच्या नरकात ढकलले! बेन यावर भाष्य करत नाही. क्लोरिसचा संताप माझ्याखेरीज कोणाला कळणार, एवढे ती आपल्या आवाजात सांगते आणि बाजूला होते. ज्या फ्रेंच कवितेवरून तिने हे रचले, तीत नायक पुढे आपली गेलेली पत सावरतो. बेनने तो भागच गाळला आहे. या गाळण्यात जेवढी टीका आहे तेवढी पानभर उपदेशात मावली नसती, असे मला वाटते. गंमत अशी की १६८० मध्ये, रॉचेस्टर वारल्यावर काही महिन्यांतच, त्याच्या नावावर जो संग्रह छापला गेला त्यात ही कविता खुशाल घुसडण्यात आली. बेनला ती स्वतःच्या संग्रहात १६८४ मध्ये आणता आली.

दुसरी जोडी ‘गलिव्हर’कार जॉनथन स्विफ्ट आणि त्याची समकालीन कवयित्री लेडी मेरी वर्टली माँटेग्यू यांची. स्विफ्टच्या १७३२ मधील ‘द लेडीज ड्रेसिंग रूम’ या कवितेत स्ट्रेफॉन आपल्या प्रेयसीच्या, सीलियाच्या, रिकाम्या खोलीत चोरपावलांनी शिरतो. घामाने डागाळलेला सदरा, केसांत आणि कोंड्यात माखलेले कंगवे, थुंकीचे पात्र असा एकेक ऐवज तपासत तो अखेर झाकणाच्या पेटीपर्यंत पोहोचतो आणि आपली देवता शौचालाही जाते, या साक्षात्काराने सैरभैर होतो. स्विफ्ट स्त्रीद्वेष्टा होता की तो स्ट्रेफॉनच्या खुळ्या सोवळेपणाला हसत होता, यावर अभ्यासक आजही भांडतात. माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते, पण पहिल्या बाजूला आधार नाही असे म्हणवत नाही. माँटेग्यूला मात्र शंका नव्हती. तिने १७३४ मध्ये प्रत्युत्तर छापले. त्यात डॉ. स्विफ्ट हे पैसे मोजून बेटी नावाच्या वेश्येकडे जातात, त्यांच्याच्याने काही होत नाही, खापर ते खोलीतल्या घाणीवर फोडतात आणि पैसे परत मागतात. ती नकार देते, तेव्हा ते धमकावतात: तुझ्या खोलीचे असे वर्णन लिहीन की कोणी फिरकणार नाही. बेटी म्हणते, जरूर लिहा, शौचाच्या वेळी मला कागद लागतोच. देवीच्या फोडांतील द्रव निरोगी माणसाला टोचण्याची तुर्की पद्धत इंग्लंडमध्ये नेणारी बाई ती हीच माँटेग्यू.

सगळीच कविता अशी नाही, हेही सांगायला हवे. रॉचेस्टरची सेंट जेम्स पार्कवरची कविता मला आजही वाचवत नाही. तीत प्रेयसीबद्दलचा जो विखार आहे, तो तिच्या अंगावरच ओतलेला आहे. त्या कवितेला कोणी शिव्या दिल्या तर मी आड येणार नाही. पण आक्षेप त्या विखाराला असावा. लेखकाने मात्र कवितेत आलेल्या शब्दांची यादी दिली आहे आणि तीही फुल्यांनी झाकून.

‘इंग्रजी काव्यपरंपरा मुळात संयत, आपल्या लावणीसारखी उघडीवाघडी नव्हे’ हे लेखातील विधानही तपासून घ्यावे लागेल. आपल्याकडे आलेली इंग्रजी कविता बरीचशी चाळणीतून आली. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले त्याच १८५७ सालात इंग्लंडमध्ये अश्लील प्रकाशनांविरुद्धचा कायदा झाला. पॅलग्रेव्हने संपादित केलेल्या १८६१ मधील ज्या ‘गोल्डन ट्रेझरी’ या काव्यसंग्रहावर आपल्या कवींच्या काही पिढ्या पोसल्या, त्याच्या पहिल्या आवृत्तीत सतराव्या शतकातील कवी जॉन डनची एकही कविता नाही. प्रेयसीला एकेक वस्त्र उतरवायला सांगणारी त्याची कविता तर १६३३ च्या संग्रहासाठी परवानगीच मिळाली नव्हती. रॉचेस्टरच्या १९५३ च्या अभ्यासपूर्ण आवृत्तीतूनही खटल्याच्या भीतीने काही कविता वगळल्या गेल्या. न गाळलेला रॉचेस्टर सर्वसामान्य वाचकाला मिळाला तो १९६८ मध्ये, अमेरिकेत. मधल्या काळात, १९६४ मध्ये, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याची शिक्षा कायम केली ती ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकल्याबद्दल, अश्लीलता ठरवण्याच्या इंग्लंडमधील १८६८ च्या कसोटीवर. खुद्द लंडनमध्ये ज्यूरीने तीच कादंबरी १९६० मध्ये निर्दोष ठरवली होती. तेव्हा जो संयतपणा लेखकाला इंग्रजांचा स्वभाव वाटतो, त्यातला बराचसा त्यांच्या एकोणिसाव्या शतकातील संपादकांचा आणि दंडाधिकाऱ्यांचा आहे. चौदाव्या शतकातील कवी चॉसरचा चावट गोष्ट सांगणारा गिरणीवाला आणि अठराव्या शतकातील स्कॉटिश कवी बर्न्सची खाजगीत फिरलेली चावट गाणी या दोन टोकांकडे पाहिले तरी हे ध्यानात येईल.

पुढील भागात लेखक स्विफ्टकडे वळणार असल्याचे सूचित केले आहे. त्याच्या कवितेशेजारी माँटेग्यूचे उत्तर सबंध, मराठी अनुवादात आणि फुल्यांवाचून छापावे, ही विनंती. जागा अपुरी पडत असेल, तर स्विफ्टच्या ओळी कमी कराव्यात.

आपला,
इंग्रजीचा एक निवृत्त प्राध्यापक, सांगली