निगेटिव्ह ऑटोवर स्कॅन करू नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आमच्या अण्णांचा औशाला फोटो स्टुडिओ होता, तो बंद होऊन लई वर्षं झाली पण निगेटिव्हचे डबे माळ्यावर तसेच. दिवाळीच्या आवराआवरीत भंगारात निघाले होते, सहज एक पट्टी उजेडात धरली आणि थांबलोच. पहिले चार फ्रेम गणपती विसर्जनाचे, पुढचे दोन किल्लारीचे. 29 सप्टेंबर 1993 ला मिरवणूक आणि दुसऱ्या दिवशी पहाटे 3.56 ला भूकंप, रोल बदलायचं सुचणार कुणाला.

शहरातल्या एका दुकानातून स्कॅन करून आणलं तर गुलाल विटकरी झालेला आणि पडलेल्या माळवदांची माती चक्क निळी! दुकानदार म्हणला, जुनी फिल्म आहे, रंग उडालेत. मलाही पटलं. मग जुना फ्लॅटबेड स्कॅनर घेतला, झाकणात लाइट असलेला (ऑफिसातल्या साध्या स्कॅनरवर हे काम होत नाही), दोन महिने त्याच्याशी झटलो तेव्हा कळलं की फिल्मचा दोष थोडाच, खरा घोळ ड्रायव्हरच्या, म्हणजे स्कॅनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये.

कसंय, रंगीत निगेटिव्हला मुळातच नारिंगी झाक असते, मास्क म्हणतात तिला, ती नीट वजा केली तरच रंग जागेवर येतात. सेटिंग ऑटोवर ठेवलं की ड्रायव्हर दर फ्रेमला नवा अंदाज बांधतो, आणि फ्रेमभर मातीच दिसली की त्याला वाटतं तांबडं जास्त झालं, मग ओततो निळा. म्हणून आधी त्याच रोलचा कोरा नारिंगी भाग स्कॅन करायचा, दोन फ्रेममधली पट्टी चालते, सुरुवातीचा काळा तुकडा नको, त्याला उजेड लागलेला असतो. त्यावर एक्सपोजर (उजेडाचं माप) लॉक, मग फिल्म बेसचा रंग, म्हणजे तीच नारिंगी झाक, लॉक, व्ह्यूस्कॅन नावाच्या स्कॅनिंग सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही ऑप्शन आहेत, आणि अख्खा रोल त्याच सेटिंगवर काढायचा. आता माझ्याकडं गुलाल गुलालासारखा दिसतो.

स्लाइडचं गणित वेगळं. अण्णांच्या वेरूळच्या स्लाइडसाठी आयटी8 नावाची रंगीत चौकटींची स्लाइड मागवली, ती स्कॅन करून सोबतच्या फाइलशी जुळवली की स्कॅनरचा प्रोफाइल, म्हणजे रंग दुरुस्तीचा तक्ता, तयार होतो. निगेटिव्हला मात्र ती लावू नका, तिथं तिचा उपयोग नाही.

एक फजिती सांगतो. फिल्म धरायच्या होल्डरच्या वरच्या टोकाला एक मोकळी खिडकी असते, मी तिच्यावर रोल नंबरची चिठ्ठी चिकटवली आणि आठवडाभर प्रत्येक स्कॅनवर उभी रेघ! स्कॅनर मशीन बिघडली म्हणून दुरुस्तीवाल्याकडं निघालो होतो. स्कॅनर त्याच खिडकीतून स्वतःचा लाइट मोजतो, ती झाकायचीच नाही. आणि कृष्णधवल फिल्मला धूळ काढायचं इन्फ्रारेड सेटिंग बंद ठेवा, चांदीतून ते किरण जात नाहीत आणि फोटोच पुसट होतो. बॉक्सवर 6400 डीपीआय (इंचामागे ठिपके) लिहिलेलं असलं तरी मी 2400 वरच काढतो, 35 एमएमला तेवढं बास.

दर 30 सप्टेंबरला पेपरात किल्लारीचे जुने फोटो येतात, त्यातले बरेच प्रिंटवरून मोबाइलनं काढलेले. साहेब, यंदा फोटो मागवताना एवढं एक छापा, की निगेटिव्ह असेल तर ती आणा. बंद पडलेल्या स्टुडिओवाल्यांच्या घरी असे डबे नक्की पडून असतील, आणि दिवाळी दरवर्षी येते.

आपला वाचक,
औसा, जि. लातूर