रविवारी उल्हास नदीवर : पाण्यात उतरण्याआधी वाचा

मंडळी, येत्या रविवारी सकाळी ७ वाजता नेरळ स्टेशनच्या तिकीट खिडकीजवळ जमायचं. गळ, आमिष ज्याचं त्याने आणायचं.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार नदीचं पात्र साधारणपणे सरकारी; काठावरची शेती मात्र मालकाची. मागच्या वेळी आपण भाताच्या बांधावरून घुसलो आणि बोलणी खाल्ली. रास्तच होती. म्हणून या वेळी:

- शेतातून जायचं तर आधी मालकाला विचारायचं.
- होडीत लाइफ जॅकेट हवंच. गावकऱ्यांच्या जाळ्यांपासून लांब राहा.
- भिवपुरी वीजकेंद्राचं पाणी सुटलं की नदी चढते. गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही.

तलावांवर बहुधा मच्छीमार सोसायट्यांचा ठेका असतो, तिथे परवानगीशिवाय गळ टाकू नका. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवा.