कोरियाचं युद्ध तीन वर्षं का चाललं? त्या लेखात राहून गेलेलं थोडं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत शीतयुद्धावर लेख आला होता तो वाचला, नंतर त्यावर छापलेलं एका वाचकाचं पत्रही वाचलं. लेखात म्हटलंय की कम्युनिझमला रोखायचं अमेरिकेचं धोरण कोरियात यशस्वी झालं आणि व्हिएतनाममध्ये फसलं. पत्रलेखक म्हणतात कोरियाचं युद्धच मुळात अमेरिकेने लादलं. मला दोन्ही पटलं नाही, म्हणून हे लिहितोय, जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी पत्रलेखकांचं. २५ जून १९५० ला पहाटे दोन्ही कोरियांमधली ३८ अक्षांशाची रेषा ओलांडून दक्षिणेत घुसलं ते उत्तर कोरियाच्या किम इल सुंगचं सैन्य, रशियन टी-३४ रणगाडे घेऊन. किम स्टॅलिनच्या मागे लागला होता, स्टॅलिन आधी नाही म्हणत होता, मग १९५० मध्ये हो म्हणाला आणि वर माओची पण संमती घे असं सांगितलं. सोव्हिएत युनियन कोसळल्यावर मॉस्कोची कागदपत्रं बाहेर आली त्यात हे सगळं आहे, त्यामुळे आता यावर वाद घालण्यात अर्थ नाही. हां, अमेरिकेची चूक एवढी की त्याच वर्षी जानेवारीत त्यांचे परराष्ट्रमंत्री डीन अ‍ॅचेसन यांनी आशियातल्या आपल्या संरक्षणरेषेबद्दल जाहीर भाषण केलं आणि त्या रेषेत जपान घेतलं, फिलिपिन्स घेतलं आणि कोरियाचं नाव घेतलंच नाही.

आणि ती ३८ अक्षांशाची रेषा तरी कशी आली बघा. ऑगस्ट १९४५, जपान शरण यायच्या बेतात, रशियन सैन्य कोरियात उतरायला लागलेलं. वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन कर्नलना रात्री सांगितलं की रशियाने कुठे थांबायचं ते ठरवा, वेळ साधारण अर्धा तास. हाताशी नॅशनल जिऑग्राफिकचा नकाशा. राजधानी सोल अमेरिकेकडे राहील एवढं बघून त्यांनी ३८ वर बोट ठेवलं. कोरियाच्या एकाही माणसाला विचारलं नाही. यातले रस्क पुढे केनेडी आणि जॉन्सनचे परराष्ट्रमंत्री झाले, म्हणजे व्हिएतनामचे निर्णय घेणाऱ्यांतही तेच.

आता लेखाबद्दल, माझा खरा मुद्दा हाच आहे. रोखण्याचं काम सप्टेंबर १९५० च्या शेवटी पूर्ण झालं होतं! रशिया तेव्हा सुरक्षा परिषदेवर बहिष्कार टाकून बसला होता (चीनची जागा माओच्या सरकारला द्या म्हणून), त्यामुळे व्हेटो आला नाही, उत्तर कोरियाच्या हल्ल्याविरुद्ध ठराव झाले, त्यातल्या पहिल्या ठरावाच्या बाजूने भारतानेही मत दिलं. १५ सप्टेंबरला युनोच्या फौजेचा अमेरिकन सेनापती मॅकआर्थरने सोलजवळच्या इंचॉन बंदरात सैन्य उतरवलं, महिना संपता संपता सोल परत घेतलं, किमचं सैन्य मोडलं. आक्रमण परतवलं, रेषा जिथे होती तिथे आली. तिथे थांबले असते तर मीही लेखकाच्या शब्दावर सही केली असती.

पण थांबले नाहीत. आता उत्तर कोरियाच घेऊन टाकू असं ठरलं. रोखण्याच्या धोरणाचा पाया ज्यांनी घातला ते जॉर्ज केनन स्वतः उत्तरेत जाऊ नका म्हणत होते, त्यांचं कोणी ऐकलं नाही. आणि आपलं, म्हणजे भारताचंही नाही. २ ऑक्टोबरच्या मध्यरात्री चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांनी पेकिंगमधले (आताचं बीजिंग) आपले राजदूत के. एम. पणिक्कर यांना झोपेतून उठवून बोलावून घेतलं आणि स्वच्छ सांगितलं की अमेरिकन सैन्य ३८ च्या वर आलं तर चीन युद्धात उतरणार. पणिक्करांनी लगेच दिल्लीला कळवलं, दिल्लीने लंडन-वॉशिंग्टनला. वॉशिंग्टनने काय केलं, तर पणिक्कर कम्युनिस्टांकडे झुकलेले आहेत म्हणून ते बाजूला ठेवलं. १५ ऑक्टोबरला वेक बेटावर मॅकआर्थर राष्ट्राध्यक्ष ट्रुमनना सांगतो की चीन उतरण्याची शक्यता फार कमी, आणि त्यानंतर चारच दिवसांनी चिनी सैन्य रात्रीच्या अंधारात सरहद्दीवरची यालू नदी ओलांडायला लागलं. डिसेंबरमध्ये अमेरिकन सैन्य मिळेल त्या रस्त्याने मागे पळत होतं, जानेवारीत सोल पुन्हा गेलं. मार्चमध्ये परत आलं. एका शहराचा ताबा नऊ-दहा महिन्यांत चार वेळा बदलला, तिथे राहणाऱ्यांचं काय झालं असेल.

त्यानंतर पुढची दोन वर्षं रेषा जवळपास तिथेच. वरून बॉम्ब मात्र चालूच, साधारण ६ लाख ३५ हजार टन, दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या सगळ्या आघाडीवर टाकले त्यापेक्षा जास्त, आणि त्याशिवाय ३२ हजार टनांवर आग लावणारं नापाम. अमेरिकेचे ३६ हजारांवर सैनिक गेले, कोरियन आणि चिनी धरून मृतांचा आकडा लाखांत. २७ जुलै १९५३ ला युद्धविराम झाला तेव्हा रेषा ३८ च्या आसपासच. ज्या ठिकाणी सप्टेंबर १९५० मध्ये थांबता आलं असतं त्याच ठिकाणी. याला यश म्हणायचं असेल तर पहिल्या तीन महिन्यांना म्हणा, पुढच्या जवळजवळ तीन वर्षांना नको.

आणि शेवटचं दीड वर्ष तर बोलणी अडली होती ती जमिनीवरून नाहीच, कैद्यांवरून! जिनिव्हा कराराप्रमाणे युद्ध संपलं की सगळे कैदी परत द्यायचे. अमेरिका म्हणाली ज्यांना जायचं नाही त्यांना जबरदस्तीने पाठवणार नाही (महायुद्धानंतर स्टॅलिनकडे परत पाठवलेल्यांचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलं होतं, त्यामुळे मला ही भूमिका चुकीची वाटत नाही). चीन आणि उत्तर कोरिया म्हणाले सगळे पाहिजेत. छावण्यांमध्ये कम्युनिस्ट आणि कम्युनिस्टविरोधी कैदी एकमेकांचे खून पाडत होते, कोजे बेटावर तर मे १९५२ मध्ये कैद्यांनी छावणीचा प्रमुख असलेल्या अमेरिकन जनरललाच धरून ठेवलं. यातून मार्ग काढणारा प्रस्ताव युनोत मांडला तो भारताच्या कृष्ण मेनन यांनी, डिसेंबर १९५२ मध्ये तो पास झाला, रशियाने त्यावर सडकून टीका केली. पण स्टॅलिन गेल्यावर जो तोडगा निघाला तो बराचसा त्याच धर्तीवर होता.

आणि मग ते काम गळ्यात पडलं कोणाच्या? आपल्या. घरी जायला नकार देणारे २२ हजारांवर चिनी आणि उत्तर कोरियन कैदी भारतीय सैन्याने सांभाळायचे. त्यासाठी नेमलेल्या तटस्थ देशांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या आणि कैदी ताब्यात घेणाऱ्या फौजेचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आमच्या कोल्हापूरकडचे. दोघं बर्मात एकाच ब्रिगेडमध्ये लढलेले. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री म्हणाले भारतीय सैनिकाचा पाय आमच्या जमिनीला लागता कामा नये, म्हणून आपल्या जवानांना इंचॉनच्या बंदरातल्या जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात नेऊन सोडलं. पाच हजारांवर माणसं अशी नेली!

सप्टेंबर १९५३ मध्ये कम्युनिस्टविरोधी चिनी कैद्यांनी आपल्या मेजर ग्रेवाल यांना आत ओढून नेलं. बाहेर आपले जवान बंदुका घेऊन उभे, आत शेकडो कैदी आरडाओरडा करतायत. एक गोळी सुटली असती तर किती मेले असते सांगता येत नाही. थोरात शस्त्र न घेता मोजकी माणसं बरोबर घेऊन आत गेले, कैद्यांच्या म्होरक्यांशी बोलले आणि ग्रेवालना सोडवून बाहेर घेऊन आले. पुढे ऑक्टोबरमध्ये गोळीबार करावाही लागला, काही कैदी मेले, ते लपवायचं कारण नाही. हेच थोरात नंतर ईस्टर्न कमांडचे प्रमुख असताना चीनच्या धोक्याबद्दल दिल्लीला सांगत होते आणि कोणी मनावर घेतलं नाही, पण तो वेगळा विषय आहे.

हे सगळं करून आपल्याला काय मिळालं तर दोन्हीकडून शिव्या. री म्हणाले तुम्ही कम्युनिस्टांचे, पेकिंग म्हणालं तुम्ही अमेरिकेचे. घरी परत चला असं कैद्यांना त्यांच्या त्यांच्या बाजूने समजावून सांगायला ९० दिवस ठेवले होते, तेही धड झालं नाही, फार थोड्या कैद्यांपर्यंत ते पोहोचलं. मुदत संपल्यावर जानेवारी १९५४ मध्ये थिमय्यांनी कैदी ज्यांच्याकडून घेतले त्यांच्याकडेच परत दिले, १४ हजारांवर चिनी तैवानला गेले. उलट्या बाजूने २१ अमेरिकन आणि एक ब्रिटिश सैनिक चीनकडेच राहिले. आणि ८८ जण असे होते की त्यांना दोन्हीकडे जायचं नव्हतं, ते आपल्या सैन्याबरोबर जहाजाने भारतात आले, बरेचसे पुढे ब्राझील-अर्जेंटिनाला गेले, काही इथेच राहिले.

तुमच्या लेखात भारताबद्दल एकच वाक्य होतं, की नेहरूंनी अलिप्त राहायचं ठरवलं. संपादक साहेब, पाच हजार माणसं दोन सैन्यांच्या मधोमध नेऊन ठेवणाऱ्या देशाबद्दल एवढंच लिहिणं मला अन्यायाचं वाटतं. माझी विनंती आहे की थोरातांच्या त्या फौजेवर एक पूर्ण पान काढा. त्यात ६० पॅरा फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स या आपल्या सैन्याच्या वैद्यकीय पथकाबद्दलही लिहा, लेफ्टनंट कर्नल रंगराज यांचं ते पथक १९५० च्या नोव्हेंबरपासून कोरियात होतं, प्याँगयाँग सोडताना गाड्या मिळेनात तर जवानांनी एक जुनं वाफेचं इंजिन शोधून स्वतः चालवत औषधं आणि सामान मागे आणलं. ज्यांच्या घरात कोरियाला गेलेल्यांचे फोटो, पत्रं, मेडल आहेत त्यांना तुमच्या पेपरातून आवाहन केलंत तर आमच्या भागातून तरी नक्की काहीतरी हाती लागेल, त्यासाठी लागेल ती मदत करायला मी तयार आहे.

आपला,
एक नियमित वाचक, कोल्हापूर