‘पडताळणी झालेला घरगुती ब्रीडर’ या शिक्क्याखाली विकलेल्या आजारी पिल्लाबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
पाळीव प्राण्यांची ऑनलाइन खरेदी-विक्री सेवा, मुख्य कार्यालय

विषय : खोटे वय, खोटी लसीकरण पुस्तिका आणि पार्व्हो या घातक विषाणूची लागण असलेले लॅब्रॅडॉर पिल्लू, त्याच विणीतल्या इतर पिल्लांच्या मालकांना तातडीने कळवण्याबाबत

महोदय,

गेल्या महिन्यात आम्ही आपल्या संकेतस्थळावरून लॅब्रॅडॉर जातीचे एक नर पिल्लू घेतले. पिल्लाचे २२,००० रुपये आणि आपल्या कंपनीचे ‘सुरक्षित खरेदी शुल्क’ १,५०० रुपये, असे सगळे पैसे आपल्याच खात्यात भरले. पावती सोबत आहे. घरी आले तेव्हाच ते पिल्लू पार्व्होने आजारी होते. सगळी हकीकत पुढे लिहितेच, पण एक गोष्ट आधी सांगायला हवी. जाहिरातीत या विणीतली सहा पिल्ले दाखवली होती आणि आम्ही पैसे भरले तेव्हा त्यातली चार विकली गेली होती. ती ज्यांच्या घरी गेली त्या लोकांची नावे आणि फोन नंबर फक्त आपल्याकडे आहेत. त्यांना आपण अजूनही कळवले नसेल, तर हे पत्र पुरे वाचण्याआधी त्यांना फोन करा.

आता आम्ही घरगुती ब्रीडर, म्हणजे घरीच कुत्र्यांची पैदास करणारा माणूसच का शोधत होतो ते सांगते. माझ्या मावससासूबाई इंदूरजवळच्या महूला राहत असत आणि त्यांच्याकडे लॅब्रॅडॉरची मादी होती. तिची पिल्ले मी लग्नानंतर अगदी जवळून पाहिली. स्वयंपाकघरालगतच्या खोलीत मादीसाठी कडेला फळी लावून जागा केलेली असे. मावशी रोज सकाळी एकेका पिल्लाचे वजन करून वहीत लिहीत. दोन आठवड्यांचे झाल्यापासून दर पंधरा दिवसांनी जंताचे औषध देत. आठ आठवडे झाल्याशिवाय पिल्लू कोणाच्याही हाती देत नसत, मग समोरचा कितीही घाईत असो. घ्यायला येणाऱ्याला आधी मादीपाशी बसवत आणि ती अनोळखी माणसाशी कशी वागते ते पाहू देत. दिवसभर घरी कोण असते, पिल्लू कुठे झोपणार, गावाला गेलात तर त्याचे काय करणार, असे सगळे विचारत. उत्तर पटले नाही तर सरळ नाही म्हणत. पुढे कधी कुत्रा सांभाळणे जमले नाही, तर तो रस्त्यावर न सोडता त्यांच्याचकडे आणून द्यायचा, हे त्या प्रत्येकाकडून कबूल करून घेत. जातिवंत पिल्लू घ्यायचे तर अशाच घरातून घ्यावे, हे माझे मत तेव्हापासूनचे आहे आणि आजही बदललेले नाही. मावशी आता हयात नाहीत. म्हणून तसे दुसरे घर शोधताना आम्ही आपल्या शिक्क्यावर विश्वास ठेवला.

आपल्या जाहिरातीत लिहिले होते : वय नऊ आठवडे, लसीचे दोन डोस पूर्ण, मायक्रोचिप (कातडीखालची ओळख पटवणारी चिप) बसवलेली, केनेल क्लब ऑफ इंडियाचे (जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचे) कागद मिळतील, आई-वडील घरीच पाहता येतील. मी विक्रेत्याला फोन करून मादी पाहायला येतो म्हटले, तर घरात रंगकाम चालू आहे असे उत्तर आले. त्याऐवजी त्याने मादी आणि पिल्लांचा व्हिडिओ पाठवला. तेव्हा मी आपल्या ग्राहक सेवेला फोन करून मुद्दाम विचारले. ‘मॅडम, या ब्रीडरच्या घरी आमचा माणूस जाऊन आला आहे, निश्चिंत राहा,’ असे मला सांगण्यात आले. आपले कॉल रेकॉर्ड होतात, तेव्हा तो काढून ऐका. पुढे पिल्लू आमच्या हाती आले ते कोणाच्या घरी नव्हे, देवास नाक्याजवळ एका गाडीतून, पुठ्ठ्याच्या खोक्यात. कागद मागितले तर ‘नंतर कुरियरने येतील’ असे सांगितले. ते आजपर्यंत आलेले नाहीत.

माझ्या सासऱ्यांनी त्याचे नाव गुंडू ठेवले. दुसऱ्याच रात्री त्याला उलट्या सुरू झाल्या आणि पहाटे जुलाबातून रक्त पडले. आमचे डॉक्टर महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, अनुभवी गृहस्थ आहेत. त्यांनी किटवर तपासणी केली आणि पार्व्हो निघाला. या विषाणूची लागण झाल्यावर लक्षणे दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात. म्हणजे लागण आमच्या घरी झालेली नाही, तो ती घेऊनच आला. डॉक्टरांनी तोंड उघडून दात पाहिले. आठ आठवड्यांच्या पिल्लाचे अठ्ठावीस दुधाचे दात बहुधा सगळे आलेले असतात. गुंडूच्या मागच्या दाढा अजून हिरडीतच होत्या. त्यांच्या मते तो फार तर पाच-साडेपाच आठवड्यांचा होता. नऊ नव्हे.

वय खोटे, तर लसीची पुस्तिकाही खरी असू शकत नाही. पुस्तिकेवरची पहिल्या डोसची तारीख खरी मानली, तर तो डोस जेमतेम अडीच आठवड्यांच्या पिल्लाला दिला असे होते. त्या वयात कोणताही डॉक्टर ही लस देत नाही, पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान असतो. लस टोचल्यावर बाटलीवरचे लेबल काढून पुस्तिकेत चिकटवतात, ते एकही लेबल नाही. बॅच नंबर नाही, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नाही, नुसती पेनाने लिहिलेली तारीख आणि न वाचता येणारी सही. मानेपासून खांद्यापर्यंत स्कॅनर फिरवला, चिप सापडली नाही. चिपचा पंधरा आकडी क्रमांक जाहिरातीत देणे विक्रेत्याला आपण बंधनकारक केले असते, तर हा खोटेपणा पहिल्याच दिवशी उघड झाला असता.

पार्व्होवर सहज मिळणारे थेट औषध नाही. सलाईन, उलटी थांबवणारी आणि जंतुसंसर्ग टाळणारी इंजेक्शने द्यायची आणि पिल्लाचे शरीर झुंज देईल याची वाट पाहायची. एवढ्याशा पायात सुई टिकत नव्हती. माझा मुलगा पाचवीत आहे. तो दवाखान्याच्या बाकावर बसून राहायचा आणि घरी चल म्हटले की रडायचा. गुंडू वाचला, डॉक्टरांची कृपा. उपचाराचा खर्च १४,६०० रुपये झाला, बिले जोडली आहेत. तो आता खातो-पितो, पण आईपासून आणि भावंडांपासून लवकर तोडल्याचे परिणाम दिसतात. दात किती जोरात लावायचे हे पिल्ले एकमेकांशी खेळतानाच शिकतात. त्याला ते शिकायला वेळच मिळाला नाही. एकटा राहिला की ओरडून ओरडून थकतो. हे सगळे आम्ही शिकवू, तो आता आमचाच आहे. पण ज्याने त्याला पाचव्या आठवड्यात आईच्या दुधावरून उचलले, त्याच्या जाहिरातीवर आपला शिक्का होता.

या सगळ्यावर आपल्या ग्राहक सेवेचे उत्तर आले ते असे : आम्ही फक्त माध्यम आहोत, जिवंत प्राण्याचे पैसे परत होत नाहीत, मात्र ‘सदिच्छा म्हणून’ त्याच ब्रीडरकडचे दुसरे पिल्लू बदलून देऊ. हे वाचून मला जो संताप आला तो शब्दांत लिहिणे कठीण आहे. ज्या जागेत पार्व्हो आहे तिथूनच दुसरे पिल्लू? आणि ते कोणत्या घरात आणायचे? हा विषाणू फरशीवर, भांड्यांत, अंगणातल्या मातीत कित्येक महिने टिकतो. साध्या फिनाइलने जात नाही, ब्लीचच्या पाण्याने पुसावे लागते. लसी पूर्ण न झालेले दुसरे पिल्लू सध्या घरात आणू नका, असे डॉक्टरांनी बजावले आहे. प्राण्यांचा व्यवहार करणाऱ्या कंपनीला एवढे ठाऊक नसावे?

‘फक्त माध्यम’ हे उत्तर मला मान्य नाही. पडताळणीचे पैसे आपण घेतले आहेत. श्वान पैदास आणि विक्रीचे नियम २०१७ पासून लागू आहेत. विक्रीसाठी पैदास करणाऱ्याने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, आठ आठवड्यांखालील पिल्लू विकायचे नाही, विकण्याआधी लस आणि चिप करायची, हे त्यात स्पष्ट आहे. मादी अठरा महिन्यांची होईपर्यंत आणि आठ वर्षांची झाल्यावर तिच्यापासून वीण घ्यायची नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त विणी नाहीत, हेही आहे. या मादीच्या किती विणी झाल्या, हे आपल्या माणसाने विचारले होते का? मुळात ती मादी त्या विक्रेत्याची आहे का? आम्हाला पाठवलेला तोच व्हिडिओ, तीच निळी चटई आणि तोच फुटका माठ, आपल्याच संकेतस्थळावर दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या विक्रेत्याच्या जाहिरातीत दिसतो. दोन्हींचे फोटो सोबत दिले आहेत. तिथेही आपला हिरवा शिक्का आहे.

या विणीतल्या बाकी सर्व खरेदीदारांना कळवल्याचे मला लेखी सांगावे. दोन्ही जाहिराती आजच काढाव्यात. पिल्लाची किंमत, आपले शुल्क आणि उपचाराचा खर्च मिळून ३८,१०० रुपये परत करावेत. गुंडूला परत देण्याचा प्रश्नच नाही, ती अट घालू नये. खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागितल्यास विक्रेत्याचा पत्ता आणि संपर्क देणे ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे आपल्यावर बंधनकारक आहे. हे पत्र म्हणजेच ती लेखी मागणी समजावी. तो पत्ता मी राज्य पशुकल्याण मंडळाकडे देणार आहे, कारण खोक्यातून पिल्ले विकणाऱ्या या माणसाकडे कुठेतरी एक मादी बांधलेली असणार आणि तिच्याबद्दल विचारणारे सध्या कोणीच नाही.

त्याच नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. तसे न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा दाखल करीन. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या ठिकाणी दावा करता येतो, तेव्हा आपले कार्यालय दुसऱ्या राज्यात असल्याने मला अडचण नाही.

आपली ग्राहक,
लोकमान्य नगर, इंदूर

सोबत : पैसे भरल्याची पावती, जाहिरातीची प्रत, लसीकरण पुस्तिकेची छायाप्रत, पार्व्हो तपासणीचा अहवाल, वय आणि चिपबाबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र, उपचाराची बिले, दोन्ही व्हिडिओंमधले फोटो.