‘मंद सोनेरी’ म्हणून दिलेला रंग भिंतीवर शेवाळी निघाल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: आतल्या भिंतींसाठी घेतलेल्या ‘मंद सोनेरी’ छटेच्या दोन डब्यांबाबत

महोदय,

आपल्या कंपनीच्या ‘मंद सोनेरी’ छटेचे दोन डबे मी घेतले. पुट्टी, प्रायमर आणि रंगाचे दोन हात, सगळं आपल्याच सूचनांप्रमाणे करून घेतलं. त्याला आता तीन आठवडे झाले. रोज सकाळी पडदा सारला की समोरची भिंत शेवाळ धरल्यासारखी दिसते. मी फोनवर दोनदा बोलले आणि दोन्ही वेळा “खोलीतले दिवे बदलून बघा” एवढंच उत्तर मिळालं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

ही छटा मी उगाच निवडली नव्हती. त्या भिंतीवर मला एक जुनी लाकडी फ्रेम लावायची होती. तिला सोन्याचा वर्ख आहे, पण हात लागून लागून कोपऱ्यांवरचा वर्ख झिजलाय आणि तिथे खालची तांबडी माती दिसते. लाकडावर आधी खडू आणि सरसाचा थर, त्यावर तांबड्या मातीचा, आणि सगळ्यात वर वर्ख, अशी ही पद्धत. युरोपात चौदाव्या शतकात लाकडी फळ्यांवर काढलेल्या चित्रांतही ती सापडते. वर्ख इतका पातळ असतो की उजेडासमोर धरला तर त्यातून येणारा प्रकाश हिरवट दिसतो. त्याला ऊब येते ती खालच्या तांबड्या मातीची. जुनं सोनं निवलेलं दिसतं, तरी गार वाटत नाही, याचं कारण हेच आहे. आणि नेमकी तीच ऊब तुमच्या रंगात नाही.

तुमच्या माहितीपुस्तिकेत या छटेखाली ‘ऐश्वर्याची झळाळी’ असं छापलंय. मला वाटतं घोळ तिथूनच सुरू होतो. झळाळणारं सोनं वेगळं. इटलीतल्या राव्हेना शहरातल्या सान व्हिताले चर्चमध्ये (ते 547 साली पूर्ण होऊन खुलं झालं) काचेच्या थरांमध्ये वर्ख दाबून केलेले बारीक तुकडे भिंतीवर थोडेथोडे तिरके बसवलेत, म्हणजे माणूस चालू लागला की उजेड त्यांच्यावरून पळतो. त्या सोन्याने झळकायलाच हवं. मंद सोनेरीचं नातं मात्र धातूपेक्षा मातीशी जास्त आहे. फ्रान्समधल्या लास्कोच्या गुहेत सुमारे 17,000 वर्षांपूर्वी माणसाने पिवळ्या मातीने घोडे रंगवले, ते आजही पिवळे आहेत. त्या मातीला पिवळेपणा येतो तो गोएथाइट या लोहखनिजामुळे. ती तापवली की खनिजातलं पाणी निघून जातं आणि माती तांबडी होते. पिवळा आणि तांबडा असे एकाच घरचे आहेत. पिवळ्याचा भडकपणा उतरवायचा तर हाताशी हा घरचा तांबडा आहे, किंवा रंगचक्रात त्याच्या समोर येणारा जांभळा आहे.

तुम्ही काय वापरलंत? डब्याच्या झाकणावर मशीनने छापलेली पट्टी मी जपून ठेवली आहे. तीवर पिवळा ऑक्साइड आहे, एक भडक पिवळा आहे आणि काळा आहे. तांबड्याचा एक थेंबही नाही. पिवळ्यात काळा घातला की तो ऑलिव्ह रंगाकडे झुकतो, हे जलरंगाची पेटी हाताळणाऱ्या कुठल्याही मुलाला माहीत असतं.

आकड्यांत सांगते. संगणकावर प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा यांच्या 0 ते 255 अशा मापांत सांगतात; ‘गोल्ड’ या रंगात लाल 255, हिरवा 215 आणि निळा 0 असतो. ‘ओल्ड गोल्ड’ नावाने जो रंग ओळखला जातो, त्यात लाल 207, हिरवा 181, निळा 59. निळा वाढल्याने रंग मवाळ होतो, पण लाल हिरव्याच्या पुढेच राहतो. मी भिंतीशेजारी पांढरा कागद धरून दिवसाच्या उजेडात फोटो काढला. कागद पांढराच येईल असा फोटो जुळवून भिंतीचा रंग मोजला, तर लाल 164 आणि हिरवा 167 आला. ही भिंत सोनेरी दिसेल कशी?

आता दिव्यांबद्दल. एका पुठ्ठ्यावर डब्यातल्या रंगाचे दोन हात देऊन मी तो तुमच्या शेडकार्डच्या तुकड्याला चिकटवला. 2700 केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली दोन्ही जवळजवळ एकच दिसतात. खिडकीपाशी नेले की फारकत होते, कार्ड मधासारखं आणि पुठ्ठा हिरवट. एका उजेडात जुळणारे रंग दुसऱ्या उजेडात वेगळे दिसणं, याला मेटामेरिझम म्हणतात. कार्डाचा रंग एका मिश्रणाचा आणि डब्यातला दुसऱ्याच, असं असल्याशिवाय हे होत नाही. म्हणजे दोष माझ्या दिव्यांचा नाही. या खोलीत आम्ही दिवसभर वावरतो, भर दुपारी पिवळा दिवा लावून बसावं असं आपण सुचवत असाल तर ते मला मान्य नाही.

दुसरा डबा पहिल्याशी जुळत नाही, हीसुद्धा तक्रार आहे. दाराजवळ उभा सांधा स्पष्ट दिसतो. त्याचा फोटो सोबत जोडला आहे.

पुस्तिकेत या छटेसोबत निळसर राखाडी सुचवलाय, तेही कृपया तपासा. राखाडी गार असला की शेजारचा सोनेरी मळका वाटतो. गडद निळ्याशेजारी तो उजळतो, आणि लाकूड किंवा सायीसारखा पांढरा असला तर शांत राहतो. मोठ्या भिंतीवर तर तो चकाकीविना, अगदी मॅटच हवा. माझ्या खोलीत गडद निळी बैठक आहे, तिच्या मागे ही भिंत आणि भिंतीवर ती फ्रेम असा बेत होता. सध्या फ्रेम कापडात गुंडाळून कपाटात ठेवली आहे. या भिंतीवर टांगली की तिचे झिजलेले कोपरे आजारी दिसतात, मला ते बघवत नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. दिवसाच्या उजेडात शेडकार्डशी जुळेल असं मिश्रण करून दोन्ही डबे बदलून द्यावेत, आणि दोन्ही एकाच घाण्याचे असावेत. पुन्हा रंगवण्याची मजुरी कंपनीने द्यावी. नवीन डबे पाठवण्याआधी त्याच रंगाचा हाताने रंगवलेला नमुना माझ्याकडे पाठवावा, छापील कार्ड नको. तो मी त्याच खिडकीपाशी, त्याच फ्रेमशेजारी धरून बघेन आणि मगच होकार कळवेन.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावं. झाकणावरची पट्टी, पावती, पुठ्ठ्याचा नमुना आणि सकाळ, दुपार, रात्र अशा तिन्ही वेळचे फोटो सोबत पाठवत आहे. मूळ झाकण माझ्याजवळ आहे, तपासणीसाठी कोणी आल्यास दाखवीन. येणाऱ्याने कृपया दिवसा यावं.

आपली,
एक ग्राहक