धूर तपासला, ब्रेकचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आंब्याचे पैसे हातात आले की आमच्याकडे जुन्या स्पोर्ट्स बाइकना गिऱ्हाईक वाढतं. आर-वन-फाइव्ह, आरएस-200, आरसी-200 अशा गाड्या पुण्या-कोल्हापूरकडून येतात आणि 'सिंगल ओनर, कागद क्लिअर, गाडी एकदम टाइट' एवढ्या भांडवलावर खपतात. मी रत्नागिरीजवळ किनाऱ्याच्या रस्त्यावर गॅरेज चालवतो. व्यवहार झाला की थोड्याच दिवसांत या गाड्या माझ्यासारख्यांच्या दारात येतात, म्हणून हे पत्र.

कागद क्लिअर म्हणजे नेमकं काय? खासगी दुचाकीची नोंदणी 15 वर्षांची असते. तोवर आरटीओचा निरीक्षक ती गाडी पुन्हा बघत नाही; नंतर दर 5 वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी बघतो. रिक्षा-टेम्पोला फिटनेसची तपासणी आहे, गाडी 8 वर्षांची झाली की तर दरवर्षी. दुचाकीच्या वाट्याला फक्त पीयूसी. नवीन गाड्यांना वर्षाने, बीएस-4 या धुराच्या नियमांच्या आधीच्यांना सहा महिन्यांनी. पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी घालतो, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचा आकडा काढतो, नंबरप्लेटचा फोटो घेतो, झालं. पुढचा ब्रेक लागतो की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नाही, आणि त्याचं ते कामही नाही. मालकी बदलताना फॉर्म 29 आणि 30 भरायचे, तिथेही बघतात ते कागदच. पहिली आर-वन-फाइव्ह 2008 साली बाजारात आली, तिची 15 वर्षं 2023 मध्ये भरली. मुळात वेगासाठी घेतलेली गाडी चार हातांतून फिरते आणि एवढ्या काळात तिचं चाक सरकारतर्फे कुणी हलवूनही बघत नाही.

त्यात आमची खारी हवा. पावसाळ्यानंतर आलेल्या एका गाडीचं सांगतो. रंग चकाचक, फेअरिंगला (बाहेरच्या प्लॅस्टिकच्या आवरणाला) नवे स्टिकर, सायलेन्सर कंपनीचा नाही, बाहेरून बसवलेला. पुढच्या डिस्कचं बाहेरचं पॅड निम्मं शिल्लक होतं. उभ्या उभ्या बघणाऱ्याला तेवढंच दिसतं. कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग, खोलला तर त्याच्या पिना गंजून जाम झालेल्या. त्यामुळे आतलं पॅड एकटंच झिजून लोखंडाला टेकलेलं आणि डिस्कवर आतून चऱ्या पडलेल्या. ब्रेक ऑइल कोऱ्या चहासारखं. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. आंबा घाट उतरताना सारखा ब्रेक धरला की तापून त्यात वाफ धरते आणि लिव्हर थेट मुठीला टेकतो. मागच्या टायरवर 2316 आकडा, म्हणजे 2016 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला माल. नक्षी भरपूर होती, पण रबर नखाने दबत नव्हतं. पुढचा ब्रेक धरून गाडी मागेपुढे केली की कोन सेट (हँडलचं बेअरिंग) टकटक वाजत होता. आणि गाडी घेणाऱ्या पोराने मला विचारलं काय, तर "काका, पिकअप कसा वाटला?"

पिकअप उत्तम होता. बहुतेकदा असतोच. या गाड्यांची इंजिनं सहसा दगा देत नाहीत, दगा देतात ते शे-पाचशे रुपयांचे भाग. एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं, पण स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच गाड्या त्याआधीच्या.

ब्रिटनमध्ये मोटारसायकल 3 वर्षांची झाली की दरवर्षी सक्तीची तपासणी होते, तिला एमओटी म्हणतात. दिवे, ब्रेक, टायर, स्टिअरिंगचे बेअरिंग, सस्पेन्शन, चेन सगळं बघतात. नापास होण्यात पहिला नंबर दिव्यांचा. 'रस्त्यावर वापरासाठी नाही' असा शिक्का असलेला सायलेन्सर दिसला की गाडी नापास. आज चालेल पण लवकरच जाईल असा भाग असला तर तशी सूचना लेखी मिळते. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स मात्र बघत नाहीत, त्यामुळे पास झालेली गाडी चांगलीच निघेल असंही नाही. मला हेवा वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा. तिथे गाडीचा नंबर टाकला की जुन्या तपासण्यांचे निकाल मीटरच्या आकड्यासकट इंटरनेटवर कुणालाही फुकट दिसतात. म्हणजे मीटर मागे फिरवणाऱ्याची पंचाईत. आणि टायरबद्दल तीच सूचना दोन वर्षं लागोपाठ दिसली की मालकाचाही अंदाज येतो.

आता कुणी म्हणेल, आणखी एक फेरी, आणखी एक एजंट. त्यांचं चूक नाही. जिल्ह्याच्या टोकाला असलेल्या मंडणगडच्या माणसाचा आरटीओच्या एका कामात अख्खा दिवस जातो. मच्छी विकणाऱ्या मावशीच्या स्कूटरला दरवर्षी रत्नागिरीला पाठवा, असं मी म्हणणार नाही. दरवर्षीचं राहू द्या. 5 वर्षांपेक्षा जुनी दुचाकी विकताना एकदा तपासणी सक्तीची करा, एवढंच मागणं आहे. ब्रेक, टायर, कोन सेट, फोर्क (पुढचे शॉक), चेन, दिवे बघायला अर्धा तास पुरतो. टायरच्या नक्षीची 0.8 मिमीची मर्यादा आपल्या नियमांत आहेच, फक्त मोजणारं कुणी नाही.

हे काम आम्हा गॅरेजवाल्यांकडे देऊ नका. ब्रिटनमध्ये ते परवानाधारक गॅरेजच करतात, पण गाडी नापास करून काम काढायचा मोह इथे पहिल्यांदा आम्हालाच होईल. तालुक्याच्या आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक शिकवतात, तिथे द्या. पोरांचा हात बसेल आणि त्यांना पार्ट विकायचे नसल्यामुळे खोटं लिहायचं कारण उरणार नाही. परिवहन खात्याच्या ॲपवर आज विम्याची आणि पीयूसीची मुदत दिसते. त्याच्याच खाली शेवटच्या तपासणीची तारीख, मीटरचा आकडा आणि नापास झालेले भाग दाखवावेत.

आपला,
एक गॅरेजवाला वाचक, रत्नागिरी