बँकॉकच्या सहलीत नदीला आणि रामकथेला वेळ द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी सहलींच्या जाहिराती आपल्या दैनिकात सध्या रोज येत आहेत आणि त्यांत बँकॉकचे नाव सहसा असतेच. गेल्या हिवाळ्यात मी व माझी बहीण एका सहल-कंपनीबरोबर त्या शहरात प्रथमच गेलो. जे पाहिले त्याने मन भरून आले, पण त्यातले बहुतेक आम्हाला कार्यक्रमपत्रिकेबाहेर जाऊन पाहावे लागले, म्हणून हे पत्र.

पहिला दिवस बसमध्ये गेला. रहदारीत अडकलेल्या बसच्या काचेतून दिसले ते उड्डाणपूल, उंच इमारती आणि पदपथावर शिजणारे अन्न. उतरवण्यात आले ते रत्नांच्या एका दुकानात, आणि तेथे दोन तास गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी गटाची रजा घेतली, उन्नत रेल्वेने सफान ताकसिन स्थानकापर्यंत गेलो आणि खालच्या धक्क्यावरून चाओ फ्राया नदीतील नारिंगी झेंड्याची प्रवासी बोट धरली. नाण्यांची नळी खुळखुळवत तिकिटे देणारी वाहक, धक्का जवळ येताच शिट्ट्यांनी चालकाला इशारे देणारा खलाशी, भिक्षूंसाठी राखलेली जागा, कामावर निघालेली माणसे. हे शहर नदीकडे तोंड करून वसले आहे, हे तेव्हा कळले. ‘पहिला राम’ या थाई राजाने १७८२ साली याच नदीच्या पूर्व तीरावर राजधानी वसवली.

राजवाड्याच्या आवारातील वात फ्रा केओ या मंदिरात पाचूचा बुद्ध म्हणून ओळखली जाणारी लहानशी मूर्ती आहे आणि तिच्या दर्शनासाठी मोठी गर्दी असते. मला मात्र भोवतालच्या ओवऱ्यांनी खिळवून ठेवले. तेथील भिंतींवर १७८ चित्रांतून ‘रामकियेन’ ही थाई रामकथा रंगवलेली आहे. रावणाचे नाव तेथे ‘तोत्सकान’, म्हणजे आपला दशकंठ, हनुमान पांढराशुभ्र. सेतू बांधताना दगड पळवणाऱ्या मत्स्यकन्येवर, म्हणजे तोत्सकानच्याच मुलीवर, हनुमान अनुरक्त होतो आणि त्यांना पुत्र होतो, हे चाफळच्या ब्रह्मचारी मारुतीला नमस्कार करत वाढलेल्या मला प्रथम पचले नाही. मग आपल्याच कथेतला मकरध्वज आठवला आणि चित्र पुन्हा नीट पाहिले. हे सांगायला जाणकार मार्गदर्शक हवा. आमच्या नशिबाने एका थाई शिक्षिकेने, विद्यार्थ्यांना समजावताना, आम्हालाही मोडक्या इंग्रजीत समजावले.

तेथून वात फोपर्यंत चालत जाता येते. ४६ मीटर लांबीच्या पहुडलेल्या बुद्धाच्या तळपायांवर शिंपल्यांच्या जडावाने १०८ शुभचिन्हे कोरली आहेत, आणि मूर्तीच्या पाठीमागे ओळीने मांडलेल्या १०८ काशाच्या पात्रांत भाविक एकेक नाणे टाकत जातात. तो किणकिणाट दालनभर ऐकू येत राहतो. समोरच्या तीरावर तरीने जाऊन वात अरुण पाहिले. नाव अरुणाचे, अंगावर चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, आणि एका दाराशी पहाऱ्याला उभा हिरवा तोत्सकान!

या सगळ्याला आमच्या पत्रिकेत चाळीस मिनिटे होती आणि गुडघे व खांदे झाकणारे कपडे लागतात ही साधी सूचनाही नव्हती, त्यामुळे गटातील काही जणांना राजवाड्याच्या दारातूनच परतावे लागले. सहल-कंपन्यांनी एक पूर्ण सकाळ बोटीसाठी व या तीन मंदिरांसाठी ठेवावी, रामकियेन जाणणारा स्थानिक मार्गदर्शक द्यावा आणि दुकानांच्या भेटी ऐच्छिक कराव्यात, अशी माझी विनंती आहे. आपल्या पर्यटन पुरवणीने या चित्रांतील निवडक प्रसंगांची ओळख मराठीत छापली, तर पुढे जाणाऱ्यांना ती भिंतीसमोर उभे राहून वाचता येईल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा